अर्ध्या तासाचं कलम

दगडूमामांनी नियमावलीची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सतराव्या कलमावर बोट ठेवून विचारलं, "बाई, ह्ये कोनं लिव्हलं?"

शेवटच्या पानावर माझा शिक्का होता. तो त्यांनी पाहिला नसेल असं नाही.

"मीच," मी म्हणाले.

"मंग आता तुमीच सांगा, ह्याच्यातून भाईर कसं निघायचं."

मी अंबडच्या कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करते. काम बहुतेक वाटणीच्या दाव्यांचं. मध्येच कुणाला संस्था काढायची असते, तेव्हा तिची कागदपत्रं करून देते. दगडूमामा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांच्याबरोबर शमीम आपा आल्या होत्या. त्या शिवणक्लास घेतात. बाजारामागच्या एका गल्लीत दोघांची घरं समोरासमोर. गल्लीचं आणि संस्थेचं नाव मी लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. या प्रकरणाच्या तारखा अजून चालू आहेत.

आठ वर्षांपूर्वी हीच माणसं माझ्याकडे आली होती. तेव्हा अकरा जण होते. गल्लीत गटाराचं पाणी रस्त्यावर यायचं, खांबावर दिवा नव्हता, आणि मधल्या मोकळ्या जागेचा उकिरडा झाला होता. नगरपालिकेत एकेकट्यानं जाऊन उपयोग होत नव्हता. कुणीतरी सांगितलं, संस्था रजिस्टर करा, लेटरहेडवर अर्ज द्या, मंग ऐकतात. पुढाकार वसंतरावांचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बोलायला गोड, कामाला वाघ. ते अध्यक्ष होणार हे न बोलताच ठरलेलं होतं.

संस्थेला एक नियमावली लागते. सभासद कोण, सभा कशी घ्यायची, निर्णय कुणी करायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. माझ्या कॉम्प्युटरवर तिचा एक तयार नमुना होता. व्यायामशाळेला तोच वापरला होता, भजनी मंडळालाही तोच. मी नाव बदललं, पत्ता बदलला, प्रिंट काढली आणि अकरा जणांना मोठ्यानं वाचून दाखवली.

सतरावं कलम गणपूर्तीचं, म्हणजे कोरमचं. सभेत किमान किती माणसं हवीत ते त्यात असतं. आमच्या नमुन्यात दोन तृतीयांश होतं. पुढं एक ओळ होती: कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करावी आणि त्याच जागी पुन्हा घ्यावी, त्या सभेला कोरम लागणार नाही.

शमीम आपांनी तेव्हा मला थांबवलं होतं. "बाई, ये आधा घंटा कायको? आधे घंटे में लोग कहाँ से आनेवाले?"

मी म्हणाले, "सगळ्यांच्या नियमावलीत असंच असतं आपा. फॉर्मॅलिटी आहे."

खरंच सगळीकडे असंच असतं. पावसापाण्यानं माणसं आली नाहीत तर संस्थेचं काम अडू नये म्हणून ती सोय आहे. पण तेव्हा मी एवढंही सांगितलं नाही. दुपारी अडीचला माझी एक उलटतपासणी होती आणि मला घाई होती.

सुरुवातीची वर्षं या लोकांनी जे काम केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गटार झाकलं. दिवे आले. उकिरड्याची जागा माणसांनी हातानं साफ केली, चार रविवार घमेली वाहिली. जागा वापरायची परवानगी नगरपालिकेनं दिली. तिथं पत्र्याचं एक सभागृह उभं राहिलं. त्याच्या भिंती गल्लीतल्याच गवंड्यांनी बांधल्या, दगडूमामांनी दारं-खिडक्या रंगवल्या. सकाळी पोरी तिथं अभ्यासाला बसायच्या, दुपारी आपांचा शिवणक्लास, संध्याकाळी म्हातारी माणसं. आपांच्या हाताखाली शिकलेल्या बायका आज गावात स्वतःची गिऱ्हाइकं करतात. माझे ब्लाउज त्यांतलीच एक शिवते.

आता मात्र त्याच सभागृहाला कुलूप लागलं होतं. आपांची सात मशिनं बाहेर पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकचा कागद टाकून ठेवली होती. आत केबिन पडणार होत्या. सभागृह वसंतरावांच्या भाच्याला फी घेऊन अभ्यासिका चालवायला दिलं होतं. संस्थेचा तसा ठराव होता.

"ठराव कधी झाला?" मी विचारलं.

"सोमवारी झाला म्हंत्यात," मामा म्हणाले. "सकाळी अकराला. अकराला कोन ऱ्हातंय गल्लीत? अर्धी मानसं जालन्याला एमआयडीसीत, सळयांच्या मिलमदी. गाडीवर सात वाजताच जातेत. मी दवाखान्यात गेल्तो. आपा कापड आनायला बाजारात."

"नोटीस?"

आपांनी मोबाइल पुढं केला. संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येत होतं, आणि ॲडमिन वसंतराव. सण-वाढदिवसांच्या पंचवीस-तीस फोटोंमध्ये सभेची नोटीस एका ओळीत होती. सात दिवस आधीची. नियमात बसणारी.

मी प्रोसिडिंगच्या प्रती मागवल्या. प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय झालं त्याची वही. गेल्या तीन वर्षांत झालेल्या प्रत्येक सभेचा मजकूर सारखाच. अकरा वाजता कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब, साडेअकराला पुन्हा सुरू, ठराव एकमतानं मंजूर. खाली सात सह्या. वसंतराव आणि कार्यकारिणीचे सहा जण. सभासद मात्र नव्वद.

त्याच वहीत मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मी या दोघांना सांगितली. पहिल्या वर्षीच्या सभांना साठ-सत्तर सह्या होत्या. दुसऱ्या वर्षी तीस. तिसऱ्या वर्षी अकरा. तेव्हा सभा रविवारी संध्याकाळी होत होत्या.

मामांनी तिसऱ्या वर्षीच्या सह्या बोटानं मोजल्या. "काम बराबर चाल्लं होतं," ते म्हणाले. "आमाला वाटलं, भाऊ बघून राह्यलेत."

ज्या संस्थेचे कागद मी केले तिच्याविरुद्ध मला वकीलपत्र घेता येत नाही. तसं मी स्पष्ट सांगितलं. पण नियमावलीत काय लिहिलंय हे कुठल्याही सभासदाला सांगायला हरकत नव्हती. अठराव्या कलमाप्रमाणं एक तृतीयांश सभासदांनी सही करून मागितली तर अध्यक्षांना विशेष सभा बोलवावी लागते. तिच्यात अविश्वास आणता येतो. तीस सह्या हव्या होत्या. मामांनी पाच दिवसांत एक्केचाळीस आणल्या. मिलमधून घरी येणाऱ्यांना त्यांनी दारात गाठलं होतं.

आता या अठराव्या कलमातली मेख सांगते. अध्यक्षानं बोलावलेल्या सभेला कोरम नसला तर अर्ध्या तासानं सात माणसांतही ती चालते. सभासदांनी मागितलेल्या सभेला अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर ती रद्द होते, आणि तो विषय एक वर्ष पुन्हा घेता येत नाही. ऊठसूट कुणी सभा मागू नये म्हणून ही तरतूद बहुतेक नमुन्यांमध्ये असते. माझ्याही होती.

"म्हंजे त्यायला सात पुरत्यात," मामा म्हणाले, "आन आमाला साठ लागतेत."

"हो."

"आन हे बी तुमीच लिव्हलं."

मी हो म्हणाले.

चार दिवसांनी वसंतराव कोर्टात आले. हातात मागणीपत्राची प्रत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

"बाई, तुमी कुनाच्या बाजूनं?"

"कुणाच्याच नाही. विचारलं ते कलम सांगितलं."

"मंग मला बी एक सांगा. मी बेकायदा काय केलं? एक गोष्ट दाखवा."

मी दाखवू शकले नाही. भाच्याला सभागृह देणं बरं नाही, एवढंच म्हणाले.

"बरं न्हाई ते कोन्या कलमात बसतंय?" त्यांनी चहा संपवला. "तीन वर्सं मी रविवारी खुर्च्या मांडून बसायचो बाई. स्वतःच्या हातानं. दोन मानसं यायची, ती बी आपापल्या घरापुढच्या दिव्यासाठी. नगरपालिकेत चपला मी झिजवल्या. तवा हे एक्केचाळीस जन कुठं होते? आन आता मालक मी न्हाई म्हंत्यात."

त्यातलं निम्मं खरं होतं.

सभेत वेळ आणि सह्या बघायला तिऱ्हाईत माणूस असावा असं मामांनी सुचवलं होतं. वसंतराव उठता उठता म्हणाले, "बाईच असू द्या. आमची बिलकुल हरकत न्हाई." मला तेव्हा थोडं बरं वाटलं. दोन्ही बाजूंचा आपल्यावर विश्वास आहे असं वाटलं. एवढ्या वर्षांच्या वकिलीनंतरही माणूस अशा गोष्टीला भुलतो.

सभेची तारीख ठरवण्याचा अधिकार अध्यक्षांचा. त्यांनी सोमवार धरला. सकाळी अकरा.

मी पावणेअकराला पोचले. सभागृहात अभ्यासिका सुरू झाली होती, म्हणून खुर्च्या बाहेर लिंबाखाली होत्या. मिलमधल्या चोवीस जणांनी त्या दिवशी खाडा केला होता. एक जण वाटूरला बहिणीकडे गेला होता, तो पहाटेच्या गाडीनं परत आला. बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या. आपांनी सह्यांचं रजिस्टर उघडून ठेवलं होतं आणि येईल त्याला त्या ओळ दाखवत होत्या.

अकराला चव्वेचाळीस सह्या झाल्या. सव्वाअकराला बावन्न.

मामा मागणीपत्राची यादी घेऊन हजेरी घेत होते. ज्यांनी मागणीपत्रावर सही केली त्यांच्यातलेच नऊ जण आले नव्हते. मामांनी एकाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यानं कट केला. तेवढ्यात त्या दुसऱ्याची मुलगी पाठीवर दप्तर घेऊन आमच्या खुर्च्यांच्या कडेनं गेली आणि सभागृहाचं दार ढकलून आत शिरली. तिच्यामागून आणखी एक. आपांनी दोघींना नावानं ओळखलं. गेल्या आठवड्यात वसंतरावांनी नऊ घरी जाऊन सांगितलं होतं, तुमच्या पोरीला अभ्यासिकेत जागा राखून ठेवलीय, एसी केबिन, काही द्यायचं नाही.

"जगह चाहिए थी तो बोल देते," आपा म्हणाल्या. "मैं कौनसा मना करती?"

अकरा पंचवीस. छप्पन्न.

रस्त्याच्या पलीकडं, तीसेक पावलांवर, वसंतरावांचं दुकान. शटर वर होतं. आत खतांच्या पोत्यांना टेकून वसंतराव आणि कार्यकारिणीचे सहा जण बसले होते. आम्हाला ते दिसत होते आणि त्यांना आम्ही. ते सातही सभासद. त्यांनी येऊन सह्या केल्या असत्या तर त्रेसष्ठ झाले असते.

मी रस्ता ओलांडला. माझं हे काम नव्हतं, पण गेले.

"वसंतराव, सभा तुम्ही बोलावलीय. चला."

"तब्येत बरी न्हाई बाई."

"मग हे सहा जण?"

ते हसले. "सभेला येनं सक्तीचं आहे का? कलम दाखवा."

दुकानातला एक जण खाली मान घालून मोबाइल बघत होता. सभागृहाचा पाया भरताना हाच खड्ड्यात उतरला होता, मला आठवत होतं. मी त्याचं नाव घेऊन म्हणाले, तुम्ही तरी चला. त्यानं वर पाहिलं नाही.

"बाई, पाच मिनटं राह्यली," वसंतराव म्हणाले. "बसा, पानी घ्या."

मी परत आले. मिलमधल्या एका तरण्या माणसानं रजिस्टर स्वतःकडे ओढलं होतं. "माझ्या भावाची सही मी करतो," तो म्हणाला. "तो आलाच असता, पन त्याला सुट्टी न्हाई दिली. ह्याच्या चुलत्याची हा करंल. चारच तर लागतेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चालणार नाही," मी म्हणाले. "दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे. उद्या हे रजिस्टर पुरावा म्हणून जाईल. तुम्हीच अडकाल."

"बाई," मामा हळू आवाजात म्हणाले, "त्यायनी सगळं कायद्यानं मोडलं. आन आमी चार सह्या न्हाई करायच्या?"

"नाही मामा."

"तुमी फकस्त तिकडं बघा. दोन मिनटं."

दोन मिनिटं दुसरीकडं बघणं मला जमलं असतं. कोर्टात काय काय चालतं ते मी पाहिलं आहे. पण वसंतराव समोरून बघत होते, आणि त्यांना नेमकं तेच हवं असणार असं मला वाटलं. खोट्या सह्या सापडल्या असत्या तर प्रकरण माणसांवर शेकलं असतं. हे माझं वकिलीतलं कारण. ते खरं आहे. दुसरंही एक होतं: खाली तिऱ्हाईत म्हणून माझी सही असणार होती. त्या क्षणी यातलं कुठलं कारण जास्त वजनाचं होतं, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी रजिस्टर ओढून घेतलं. साडेअकरा झाले. छप्पन्न सह्यांच्या खाली मी रेघ मारली आणि अठरावं कलम वाचून दाखवलं. सभा रद्द. विषय एक वर्ष घेता येणार नाही.

कुणी आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं करतील. एक बाई शेजारणीला विचारत होती, "म्हंजी आता काय?" शेजारणीनं सांगितलं, "काय न्हाई. घरी जायाचं." ज्यांनी खाडा केला होता त्यांनी खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. वसंतराव रस्ता ओलांडून आले. तब्येत सुधारली होती. त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला होता आणि पाच-सहा जणांनी तो घेतला. मी घेतला नाही, पण त्यानं काय फरक पडतो.

त्याच आठवड्यात मी मामांना दुसरा रस्ता सांगितला. धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो: ठरावात अध्यक्षांच्या नातेवाइकाचा फायदा आहे, चौकशी व्हावी. त्यासाठी मी त्यांना जालन्याच्या एका वकिलांकडे पाठवलं. ते चांगले वकील आहेत. अर्ज दाखल झाला, नोटिसा निघाल्या. असं काम रीतीनं चालतं, आणि रीतीला वेळ लागतो. मामा प्रत्येक तारखेला एसटीनं जातात. सुरुवातीला त्यांच्याबरोबर बारा जण असायचे. नंतर तीन. आता एकटे.

शमीम आपांनी अर्जावर सही केली नाही. मी त्यांच्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत त्यांनी तीन मशिनं मांडली होती, बाकीची चार जागेअभावी विकून टाकली. दोन मुली काज करत होत्या.

"आपा, तुमची सही महत्त्वाची आहे. पहिल्यापासून तुम्ही आहात."

"नहीं बाई," त्या म्हणाल्या. "मेरेसे अब दस्तखत मत लो. आठ साल दस्तखतच करती आयी." मग मराठीत म्हणाल्या, म्हणजे मला नीट कळावं म्हणून असेल, "मला सभासद पन ऱ्हायचं न्हाई. कागद लिहून देता का?"

मी राजीनामा लिहून दिला. दोन ओळींचा. कारण काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, काही नको.

पुढं संस्थेच्या कार्यकारिणीची मुदत संपली आणि निवडणूक लागली. पदाधिकारी बदलले किंवा पुन्हा तेच आले, तरी धर्मादाय कार्यालयाला एक अर्ज द्यावा लागतो. त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो करायला वसंतराव माझ्याकडे आले होते. मी नाही म्हणाले. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, दुसऱ्याकडून करून घेतला. एका सहकाऱ्याच्या टेबलावर तो मला दिसला. अध्यक्ष बिनविरोध. सगळी कार्यकारिणी बिनविरोध. मामांना मी विचारलं, तुमच्याकडून कुणीच अर्ज भरला नाही? ते म्हणाले, "छप्पन्न घरी फिरलो. समदे म्हनले, मामा तुमी भरा. सूचक म्हनून सही कोनीच द्येना."

अभ्यासिका चांगली चालते. तिथल्या दोन मुली भरतीत लागल्या. मी ते इथं लिहिते, कारण ते खरं आहे. नऊ घरांना वसंतरावांबद्दल कसलीच तक्रार नाही, आणि गल्लीतले दिवे अजून लागतात.

माझा नमुना मी बदलला. कोरम एक पंचमांश केला आणि तहकूब सभा किमान सात दिवसांनी, नव्यानं नोटीस देऊन घ्यायची असं घातलं. गेल्या वर्षी तिघे माझ्याकडे संस्था नोंदवायला आले. त्यांतल्या दोघांनी ते सात दिवस काढून टाकायला सांगितलं. माणसं येत नाहीत हो बाई, म्हणाले. मी समजावलं. ते दुसऱ्या वकिलाकडे गेले. तिसऱ्यानं वाचलंच नाही.

या धंद्यात मी एक शिकले, आणि शिकायला सव्वीस वर्षं लागली. नियमावली मोठ्यानं वाचून दाखवणं म्हणजे समजावून सांगणं नव्हे. आणि कुणी मध्येच थांबवून प्रश्न विचारला, तर दुपारच्या उलटतपासणीला उशीर झाला तरी चालतो.

मागच्या महिन्यात शमीम आपा कोर्टाच्या आवारात दिसल्या. मुलीच्या नावात दुरुस्ती करायची होती, त्याचं प्रतिज्ञापत्र. मी टेबलाशी मोकळीच बसले होते. त्यांनी मला पाहिलं, कपाळाला हात लावून सलाम केला, तब्येत विचारली. मग शेजारच्या टेबलावर गेल्या. तिथं तरुण वकील आहे, नुकताच लागलेला. त्यानं कागद टाइप केला आणि सहीसाठी पुढं केला. आपांनी पर्समधून चष्मा काढला आणि तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तो म्हणाला, "आपा, फॉर्मॅट आहे, करा सही." त्या वाचत राहिल्या.